देवाची इच्छा आणि माणसाचा आनंद

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'देवाची इच्छा' हे शब्द आपल्या कानावर केव्हा पडतात, याचा थोडा विचार करून पाहा. मुलाला नोकरी लागली, मुलीचे लग्न ठरले, शेतात पीक चांगले आले, की आपण पेढे वाटतो, एकमेकांचे अभिनंदन करतो. त्या वेळी 'देवाची इच्छा' असे सहसा कोणी म्हणत नाही. पण घरातले कोणी अकाली गेले, दुखण्यावर इलाज चालेना, चालता धंदा बुडाला, की भेटायला आलेली माणसे हलक्या आवाजात म्हणतात, "काय करणार, देवाची इच्छा!" हे चर्चच्या आवारात जसे ऐकू येते, तसेच इतर कोणत्याही धर्माच्या घरात ऐकू येते. त्यातून नकळत आपल्या मनात एक समीकरण तयार होते. जे आपल्याला हवेसे वाटते ती आपली इच्छा आणि नको असताना जे पदरात पडते ती देवाची इच्छा!

हे समीकरण खरे मानले, तर देवाच्या इच्छेप्रमाणे जगायचे म्हणजे सुखावर पाणी सोडायचे, असाच अर्थ निघतो. ख्रिस्ती धर्माची शिकवण मात्र याच्या उलट आहे. माणसाला खरा आणि टिकाऊ आनंद मिळतो तो देवाच्या इच्छेतच, असे ती सांगते. हे विधान नुसते ऐकले तर प्रवचनातले वाटेल. म्हणून देवाची इच्छा म्हणजे नेमके काय, तिचा आनंदाशी संबंध कसा, ती ओळखायची कशी आणि तिच्या नावावर होणाऱ्या अन्यायापासून सावध कसे राहायचे, या चार प्रश्नांचा आज आपण विचार करू.

जगभरचे ख्रिस्ती लोक, मग ते कॅथलिक असोत, प्रॉटेस्टंट असोत की ऑर्थोडॉक्स, एक प्रार्थना नेहमी म्हणतात. येशूने ती आपल्या शिष्यांना शिकवली, म्हणून तिला 'प्रभूची प्रार्थना' असे नाव आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात ती जशी आली आहे, त्यात एक मागणे असे आहे की, देवाची इच्छा स्वर्गात जशी पूर्ण होते तशीच ती पृथ्वीवरही व्हावी. लहानपणापासून पाठ असलेल्या शब्दांकडे आपले लक्ष जात नाही, तसेच या मागण्याचेही झाले आहे. पण जरा थांबून पाहा. जी गोष्ट आपोआप घडतेच आहे, ती घडावी म्हणून कोणी प्रार्थना करील का? देवाची इच्छा पृथ्वीवर व्हावी असे मागायचे, याचाच अर्थ ती अजून पुरती होत नाही. जगात घडणारी प्रत्येक गोष्ट देवाला हवी असते असे मुळीच नाही. कोणाची जमीन लबाडीने हडप केली जाते, कोणाची मुलगी हुंड्यासाठी जाळली जाते, यात देवाची इच्छा पूर्ण होत नाही. ती मोडली जाते.

म्हणूनच ख्रिस्ती विचारवंतांनी देव जे इच्छितो आणि देव जे घडू देतो, यांत फरक केला आहे. माणसाला स्वातंत्र्य दिले, म्हणजे त्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग होण्याची शक्यताही आलीच. देवाची इच्छा आणि नशीब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नशिबापुढे माणसाला काही करता येत नाही. देवाची इच्छा मात्र माणसाच्या होकाराची वाट पाहत असते.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे? याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. चारही शुभवर्तमाने वाचून पाहा. रोगी माणूस समोर आला असता 'हा रोग देवाची इच्छा आहे, तू असाच राहा', असे येशूने एकालाही सांगितलेले नाही. त्याने स्पर्श केला, बरे केले, जेवू घातले, ज्यांना समाजाने बाहेर ठेवले होते त्यांच्या पंगतीला तो बसला. देवाची इच्छा कशी असते हे पाहायचे असेल तर ते इथे पाहावे, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते.

इथे एक रास्त शंका निघेल. मग वधस्तंभाचे काय? अटक होण्याच्या रात्री, यरुशलेमजवळच्या जैतून डोंगराच्या पायथ्याशी, गेथशेमाने नावाच्या जागी येशूने प्रार्थना केली. समोरचा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने आपल्या पित्याकडे विनवणी केली आणि शेवटी, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असे म्हटले. या प्रसंगातून आपण अर्धाच धडा घेतो. मुकाट्याने सोसावे, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण येशूने आधी आपले मन मोकळे केले, हे आपण विसरतो. दुःख नको असे देवाला सांगणे ही अश्रद्धा नव्हे. पित्याला आपल्या पुत्राच्या वेदनेची हौस होती, असा याचा अर्थ नाही. प्रेमाचा आणि सत्याचा मार्ग, त्याची किंमत मोजावी लागली तरी सोडायचा नाही, या गोष्टीला येशूने होकार दिला. तो तिथून पळून जाऊ शकत होता. तो थांबला. त्या होकारात लाचारी नव्हती.

आता दुसरा प्रश्न. याचा आनंदाशी संबंध काय?

सोळाशे वर्षांपूर्वीचे एक संभाषण या बाबतीत मोठे उद्बोधक आहे. इसवी सन ३८६. इटलीतील मिलान शहरात ऑगस्टीन नावाचा वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक होता. तो उत्तर आफ्रिकेतला. मान, पैसा, ओळखीपाळखी, सर्व काही त्याने मिळवले होते आणि तरी त्याचे मन अस्वस्थ होते. त्या वर्षी त्याने आपली जागा सोडली आणि आई मोनिका, किशोरवयीन मुलगा अदेओदातुस व काही नातलग आणि शिष्य यांच्यासह तो गावाबाहेरच्या एका मळ्यात जाऊन राहिला. १३ नोव्हेंबरला त्याचा बत्तिसावा वाढदिवस होता. त्या दिवशी हलकेसे जेवण करून ही मंडळी गप्पांना बसली आणि विषय निघाला सुखाचा. तीन दिवस चाललेली ही चर्चा ऑगस्टीनने पुढे एका छोट्या ग्रंथात मांडली.

ऑगस्टीनने प्रथम विचारले, ज्याला हवे ते मिळाले तो सुखी म्हणायचा का? उत्तर दिले ते मोनिकाने. तिने तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतलेले नव्हते. ती म्हणाली, चांगल्याची इच्छा धरली आणि ते मिळाले तर तो सुखी. वाइटाची इच्छा धरली तर ते मिळूनही तो दुःखीच. ऑगस्टीन थक्क झाला. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी जे सांगितले ते त्याच्या आईने घरबसल्या सांगितले होते. पुढे चर्चा आणखी खोल गेली. जे आपल्याकडून हिरावून घेतले जाऊ शकते, त्यावर सुख उभे असेल, तर भीती मनातून जाणार नाही आणि जिथे भीती आहे तिथे सुख नाही. मग कधीच न हिरावले जाणारे असे काय? देव. म्हणजे ज्याच्याजवळ देव आहे तो सुखी. पण देव कोणाजवळ असतो? यावर एकाने म्हटले, जो नीट जगतो त्याच्याजवळ. दुसऱ्याने म्हटले, देवाला जे हवे ते जो करतो त्याच्याजवळ. आणि लहानग्या अदेओदातुसने म्हटले, ज्याचे मन मलिन नाही त्याच्याजवळ. ऑगस्टीनने तिन्ही उत्तरे जुळवून दाखवली. ती एकाच गोष्टीची तीन रूपे होती.

या संभाषणातला मुद्दा आजही तेवढाच ताजा आहे. आपण म्हणतो, इच्छा पूर्ण झाली की सुख. मोनिका म्हणते, आधी इच्छा तपासा. पगार वाढावा, मोठे घर व्हावे, मूल पहिले यावे, यांत वाईट काही नाही. पण ती सगळी हिरावली जाण्याजोगी आहेत. महिन्याच्या हप्त्यावर घेतलेल्या घरात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ख्रिस्ती धर्म इच्छा मारायला सांगत नाही. ती योग्य जागी लावायला सांगतो. माणूस प्रेम करण्यासाठी घडवला गेला आहे, आणि देवाची इच्छा म्हणजे त्याने प्रेम करावे हीच आहे. मासा पाण्यात सुखी असतो, कारण तो पाण्यासाठीच घडला आहे. देवाची आज्ञा आणि आपला आनंद यांचे नाते असे आहे.

हा आनंद म्हणजे सदा हसतमुख राहणे नव्हे. संत पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले एक पत्र नव्या करारात आहे. बायबलमधल्या पत्रांत आनंदाचा उल्लेख ज्यात वारंवार येतो असे ते पत्र, आणि ते लिहिले गेले कैदेत! त्यात पौल म्हणतो की, भरल्या ताटावर आणि उपाशीपोटी, दोन्ही परिस्थितींत समाधानाने राहायला आपण शिकलो आहोत. 'शिकलो' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हा आनंद जन्मजात स्वभावाचा भाग नसतो. तो सवयीने आणि सरावाने अंगी येतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. देवाची इच्छा ओळखायची कशी? चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे तर स्पष्टच आहे. पण ही नोकरी धरू की ती? लग्न करू की व्रतस्थ राहू? म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून परदेशी जाऊ की नको? याची उत्तरे बायबलच्या पानावर लिहिलेली सापडत नाहीत. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा कौल मानायचा, असे काही जण करतात. ती श्रद्धा नव्हे. तो चिठ्ठ्या टाकण्याचाच एक प्रकार झाला.

या बाबतीत ख्रिस्ती परंपरेला एक मोलाची देणगी मिळाली ती एका जखमी सैनिकाकडून. स्पेनमधल्या लोयोला घराण्यातला इग्नेशियस हा उमदा, मानापमानाबद्दल हळवा असा गृहस्थ. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले आणि त्याचा एक तुकडा वर आला. पायात झोकदार बूट नीट बसावा म्हणून त्याने ते हाड पुन्हा कापून घेतले. भुलीचे औषध नसलेल्या काळात, केवळ दिसण्यासाठी! पुढचे कित्येक महिने तो घरी अंथरुणावर पडून होता. वेळ घालवायला त्याने वीरपुरुषांच्या प्रणयकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाली ती दोन पुस्तके, ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे.

पडल्या पडल्या तो दिवास्वप्ने पाहू लागला. कधी तासन्‌तास एका थोर घराण्यातल्या स्त्रीची सेवा करून तिची मर्जी मिळवण्याची स्वप्ने. कधी संत फ्रान्सिससारखे, संत डॉमिनिकसारखे अनवाणी यरुशलेमला जाण्याची स्वप्ने. दोन्ही रंगवताना त्याला मौज वाटे. पण एक फरक हळूहळू त्याच्या ध्यानात आला. पहिल्या प्रकारचे स्वप्न संपले की मन कोरडे पडे, खिन्न होई. दुसऱ्या प्रकारचे स्वप्न संपल्यावरही आनंद मनात रेंगाळत राही. एके दिवशी त्याचे डोळे उघडले आणि त्याने या फरकाचा शोध घ्यायला सुरुवात केली. देव माणसाच्या मनाशी असेच बोलत असावा, हे त्याला उमगले. हातात येताना गोड लागते ते नव्हे, तर संपल्यावर मागे जे उरते, त्यावरून ते कुठून आले हे ओळखावे.

या निरीक्षणातून पुढे त्याची 'आध्यात्मिक साधना' तयार झाली. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या पुस्तकाला मान्यता दिली. सुमारे तीस दिवसांच्या एकांतात करायच्या या साधनेत निर्णय घेण्याच्या काही फार व्यवहारी रीती आहेत. त्या ख्रिस्ती नसलेल्यालाही उपयोगी पडाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे मन तराजूच्या काट्यासारखे मध्यावर आणायचे. आधीच ठरवून मग देवाकडून शिक्का मागायचा नाही. मग दोन्ही बाजूंचे लाभ आणि तोटे मांडायचे. त्यानंतर अशी कल्पना करायची की, पूर्वी कधी न पाहिलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला आहे. आपण त्याला काय सल्ला देऊ? तोच स्वतःला द्यायचा. आणि आपल्या मृत्यूच्या घटकेला, हा निर्णय कसा घेतला असता तर बरे झाले असते असे वाटेल, तेही पाहायचे.

आणखी एक नियम फार मोलाचा आहे. मन निराश, कोरडे, अंधारलेले असताना, पूर्वी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. राग आला म्हणून राजीनामा, भांडण झाले म्हणून फारकत, असे करू नये. वादळात नांगर उचलू नये, हे आपल्या कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याचबरोबर इग्नेशियस असाही इशारा देतो की, सुरुवातीला चांगला वाटणारा प्रत्येक विचार देवाकडूनच आलेला असतो असे नाही. त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट, तिन्ही पाहावेत. समाजसेवेच्या उत्साहात सुरू झालेले काम शेवटी आपल्या अहंकाराची सेवा होऊन बसते, हे आपण पाहतोच.

देवाची इच्छा आपल्याला पक्की कळली आहे असे वाटूनही माणूस चुकू शकतो, हे खुद्द इग्नेशियसच्या बाबतीत घडले. आयुष्यभर यरुशलेममध्ये राहावे हीच देवाची इच्छा, अशी त्याची खात्री होती. १५२३ मध्ये तो तिथे पोहोचलाही. पण तिथल्या पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याला राहू दिले नाही. तो परतला. लोकांची सेवा करायची तर शिकले पाहिजे, म्हणून वयाच्या ३३ व्या वर्षी बार्सिलोनात लहान मुलांच्या सोबतीने लॅटिन गिरवू लागला. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात त्याला सोबती मिळाले आणि १५४० मध्ये येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली. त्या सोबत्यांपैकी एक, फ्रान्सिस झेवियर, १५४२ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. एका माणसाची योजना मोडली नसती, तर आपल्या मराठी भाषेचे हे लेणे कदाचित घडलेच नसते.

आपण उभारलेला संघ उद्या विसर्जित झाला तर मन शांत व्हायला आपल्याला पाव तासाची प्रार्थना पुरेल, असे इग्नेशियसने म्हटल्याची नोंद त्याच्या सहकाऱ्याने केली आहे. देवाच्या इच्छेतला आनंद म्हणजे काय, याची ही कसोटीच म्हणावी लागेल. कामावर जीव ओतायचा, पण आपला आनंद त्या कामाच्या यशाला गहाण टाकायचा नाही.

हे सारे दूरच्या देशातले वाटू नये, म्हणून आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाईंकडे वळू. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथे पुष्कळांची गोष्ट संपते. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी सांगितले आहे की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटले होते, मनाला शांती नव्हती. ती त्यांना मिळाली बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. तोवर त्या थांबल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. देवाच्या इच्छेचा आनंद लगेच हाती आला नाही म्हणून त्यांनी काम सोडले नाही, आणि काम आहे म्हणून आतला शोधही सोडला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला 'मुक्ती' उभे राहिले, तिथे शेकडो मुली राहिल्या, शिकल्या, हाताने काम करून जगायला लागल्या. ती संस्था आजही चालू आहे. बायबलच्या मराठी भाषांतराचे प्रचंड काम त्यांनी उतारवयात केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा, वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. दुःखाने त्यांची पाठ कधी सोडली नाही. तरी ज्या आत्मनिवेदनात या दुःखांचा हिशेब आहे, त्याला त्यांनी दिलेले नाव कधी न संपणाऱ्या ठेव्याबद्दलचे आहे.

रमाबाईंच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट आजच्या विषयाला अगदी लागू पडते. इंग्लंडमध्ये चर्चच्या काही वरिष्ठांना वाटे की, नव्याने ख्रिस्ती झालेल्या या बाईने आपण सांगू ते निमूटपणे मान्य करावे. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असेही काहींचे मत होते. रमाबाईंनी पत्रांतून नम्रपणे पण ठामपणे उत्तरे दिली. देवाची आज्ञा मानणे आणि धर्माच्या अधिकाऱ्याची प्रत्येक गोष्ट मानणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या जाणून होत्या.

इथे आपण चौथ्या प्रश्नाशी येतो. देवाच्या इच्छेच्या नावाखाली माणसाने माणसावर फार अन्याय केला आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा वधस्तंभ, तो उचल', असे सांगितले जाते. आजाऱ्याला 'श्रद्धा ठेव, औषध कशाला', असे सांगितले जाते. श्रद्धा असेल तर पैसा, गाडी, बंगला मिळेलच, असे सांगून गरिबाच्या खिशातले शेवटचे पैसेही काढले जातात. कोणी म्हणतो, तुझ्या लग्नाबद्दल देवाने मला सांगितले आहे. अशा वेळी सावध व्हावे. मारझोड सोसणे ही देवाची इच्छा नाही. तिथून सुरक्षित बाहेर पडणे आणि मदत मागणे यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही. डॉक्टरकडे जाणे हेही प्रार्थनेच्या विरुद्ध नाही.

दुसऱ्याच्या वतीने देवाची इच्छा ठरवता येत नाही, याचे हृदयस्पर्शी उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ती देवाची हाक होती. पण त्या हाकेची किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पतीचा विरह, लहान मुलगा पदरात, भोवतालच्या लोकांचे बोलणे, हे सारे त्यांनी काही वर्षे सोसले. ते त्यांनी लपवलेले नाही, आणि टिळकांवरच्या प्रेमाने त्यावर पांघरूणही घातलेले नाही. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या विचाराने उमगले. त्यानंतर १९०० साली त्यांनी आपला निर्णय आपण घेतला. त्यांच्या लेखनात जो निर्मळ, खळाळता विनोद आहे, तो लादलेल्या श्रद्धेतून येणे शक्य नव्हते. आपली हाक खरी असली तरी तिच्यामुळे जवळच्यांना होणाऱ्या दुःखाची जबाबदारी आपल्यावरच राहते, आणि त्यांच्या वेळेची वाट पाहणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

मग खरे-खोटे ओळखावे कसे? जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याने देवाच्या अपेक्षांचे सार तीन गोष्टींत सांगितले आहे. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे. 'ही देवाची इच्छा' असे कोणी म्हणाले की, या तीन गोष्टी लावून पाहाव्यात. यातून कोणावर अन्याय होतो का? मन कठोर होते का? सांगणारा नम्र आहे, की स्वतःच देव होऊ पाहतो आहे? तिथे उत्तर चुकीचे येत असेल, तर कितीही गोड आवाजात सांगितलेले असो, ती देवाची इच्छा नव्हे.

शेवटी रोजच्या जगण्यात याचे काय करायचे? सगळ्यांनाच रमाबाई व्हायचे नसते. बहुतेकांच्या वाट्याला येते ती साधी कामे. रात्रपाळीला रुग्णाची चादर बदलणे, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे दोन मिनिटे जास्त देणे, ऑफिसात खोट्या बिलावर सही न करणे, घरातल्या वृद्धाचे तेच ते बोलणे पुन्हा ऐकून घेणे. देवाची इच्छा बहुधा अशाच ठिकाणी समोर येते आणि तिला होकार द्यायला फार वेळ लागत नाही.

त्यासाठी इग्नेशियसने एक सोपी सवय सांगितली आहे. त्याचे अनुयायी ती आजही पाळतात. दिवस संपल्यावर थोडा वेळ स्वस्थ बसायचे. दिवसभरात जे मिळाले त्याबद्दल आधी आभार मानायचे. मग सकाळपासूनच्या घटना एकेक करून डोळ्यांसमोर आणायच्या. कोणत्या क्षणी मन मोकळे, प्रेमळ, शांत झाले? कोणत्या क्षणी ते आखडले, कडवट झाले? जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ मागायचे. एवढेच. ही सवय काही आठवडे पाळली, तर आपल्याला खरा आनंद कशाने मिळतो आणि नुसती करमणूक कशाने होते, यांतला फरक आपला आपल्यालाच दिसू लागतो. करमणुकीला कोणी वाईट म्हणत नाही. पण तिच्यानंतर मन कोरडे राहते, हे कळलेले बरे.

आणि पुढच्या वेळी कोणाच्या घरी दुःखाच्या प्रसंगी गेलात, तर 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारण्याची घाई करू नका. त्यापेक्षा त्या माणसाजवळ बसा, चहा करून द्या, त्याच्या मुलांना जेवू घाला. त्या घरात त्या दिवशी देवाची इच्छा काही असेल, तर ती बहुतेक हीच असेल.